पोह्यातलं मीठ

केजला मी ज्या खताच्या दुकानात कामाला आहे, तिथं दुपारी गिऱ्हाईक नसलं की सगळे लहानपणच्या खोड्या सांगत बसतात. कुणी मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावलेली असते, कुणी बोरं चोरलेली असतात. निम्म्या थापा असतात, पण हसायला काय जातं? माझी पाळी आली की मी सायकलीची गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो. दुसरी एक आहे, ती सांगत नाही. सांगताना मला काहीच होत नाही, म्हणून सांगत नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस आहे की धोंडा.

दिवाळी झाली की आई-बाप ऊस तोडायला जायचे. मी आणि माझी थोरली बहीण, आम्ही दोघं चुलतीपाशी राहायचो. बहिणीला मी अक्का म्हणायचो. शेजारी एक पेरू विकणारे मामू होते. ते सकाळी नांदूरघाटला निघायच्या आत आम्ही त्यांची सायकल उचलून समोरच्या दारात नेऊन लावायचो. मामू बाहेर येऊन आधी सायकलीला आणि मग अख्ख्या गल्लीला शिव्या द्यायचे. "कोन हाय बे?" म्हणून ओरडायचे, आणि आम्हीच पळत जाऊन सायकल शोधून दिली की एक पेरू द्यायचे. चुलतीच्या साखरेच्या डब्यात आम्ही मीठ घालायचो. चहाचा पहिला घोट घेतला की ती लाटणं घेऊन आमच्यामागं धावायची. मारायला का होईना, कुणीतरी आपल्यामागं पळतंय हे मला बरं वाटायचं. तेवढं मात्र अजून आठवतं, वाटलेलं.

अक्का दहावीत गेली त्या पावसाळ्यात बाप म्हणाला, रविवारी पाव्हणे येणार आहेत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घ्यायला कुरकुरतो. म्हणून कारखाने सुरू व्हायच्या आत आमच्याकडं लग्नांची झुंबड उडते.

"दहावी तरी होऊ द्या की," अक्का म्हणाली.

"दहावी काय पळून चालली का?" बाप म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. वयात आलेली पोर मागं ठेवून सहा महिने परमुलखात जायचं, याची त्याला धास्ती होती. आईला त्याच्याहून जास्त. हे मला आता कळतं, पण कळून काही उपयोग झालेला नाही.

अक्कानं रडारड केली नाही. शनिवारी संध्याकाळी शेळ्या बांधताना ती म्हणाली, "पोह्यात मीठ घालू. लई घालू. स्वयंपाक येत न्हाई म्हणून उठून जातील." मला ते एकदम पटलं. मुलगी बघायला आलेले लोक काय बघतात? पोहे बघतात. आमचं जगाचं ज्ञान एवढंच होतं.

रविवारी तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि मुकादम. मुलगा खाली मान घालून बसला होता, मिसरूडही नीट फुटलेली नव्हती त्याला. आमची आई दारात पाय धुवायला पाणी देत होती, तेवढ्यात अक्कानं पोह्यात मुठीनं मीठ घातलं आणि वरून मी आणखी एक चिमूट टाकली. बशा देऊन ती आत आली. आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो. ती तोंडावर हात दाबून हसत होती. तिचं हसणं माझ्या खांद्याला लागत होतं.

मुकादमानं एक घास खाऊन बशी खाली ठेवली. मुलानं पाणी मागितलं. मुलाची आई मात्र खात राहिली. बशी संपवून तिनं हात पुसले आणि म्हणाली, "मीठ जरा जास्त हाय. असू द्या. तिकडं फडात भाकर न् मिरची, चव कोण बघतंय? मोळी उचलती का, तेवढं सांगा."

"उचलती की," आई म्हणाली. तिला आमच्या बेताचं काहीच ठाऊक नव्हतं. पोरीनं पोहे बिघडवले म्हणून ती शरमली होती, आणि आता तोंड वर काढायला जागा मिळाली होती.

"बोलवा बरं," मुलाची आई म्हणाली.

अक्का बाहेर गेली. हसू पुसायलाही तिला वेळ मिळाला नाही. अंगणात बाभळीच्या सरपणाची मोळी पडली होती. बाई म्हणाली, "ती तेवढी आत घे बाई. पाऊस आला तर भिजंल."

आई पुढं झाली, डोक्यावर द्यायला. बाईनं हातानंच तिला थांबवलं.

अक्कानं चुंबळ केली, वाकली, मोळी गुडघ्यावर घेतली आणि एका हिसक्यात डोक्यावर चढवली. नुसती सुटू द्यायची होती. अर्ध्यावर हात ढिला करायचा होता, बाकी काही नाही. मी दाराआडून तेच म्हणत होतो, मनात. पण रोजचं सरपण होतं. रोज उचलायची तसंच तिनं उचललं. मान ताठ ठेवून ती अंगण ओलांडून आली आणि चुलीपाशी मोळी टाकून पुन्हा बाहेर जाऊन उभी राहिली.

"सांगितलं न्हवतं का?" आई म्हणाली. तिचा चेहरा खुलला होता.

मुकादम चप्पल घालता घालता बापाला म्हणाला, "दसऱ्याच्या आत उरकू."

तेव्हा अक्कानं माझ्याकडं बघितलं. आपण काय करून बसलो हे तिला त्याच क्षणी कळलं असावं. तिच्या कपाळाला बाभळीची साल चिकटली होती. ती पुसावी असं मला वाटलं, पण पाव्हण्यांसमोर मी दाराआडून बाहेर आलो नाही.