जी. बी. गुरुजी आणि कंसातलं नाव

दोन हजार सालाच्या आसपास मी जुन्नरला एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचे. तेव्हा एक मोठं काम आलं, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या माणसांचा परिचयकोश. संपादक घोडेगावचे निवृत्त प्राध्यापक. सज्जन, पण शिस्तीचे. नोंदींची शीर्षकं कशी द्यायची याचा कागदच त्यांनी भिंतीला चिकटवला होता. आधी आडनाव, मग मराठी आद्याक्षरं, प्रत्येकापुढे टिंब, आणि कंसात शाळेच्या दाखल्यावरचं पूर्ण नाव.

एका गठ्ठ्यात माझ्या वडिलांची नोंद निघाली. आबांनी आणे गावच्या पठारावर उभी हयात शिकवलं. सगळं पठार त्यांना ‘जी. बी. गुरुजी’ म्हणायचं. शीर्षकात मात्र आडनाव होतं, पुढे दोन मराठी अक्षरं, आणि कंसात दाखल्यावरचं ते नाव, शेवटी ‘या’ लावलेलं.

आमच्या माणसांना गावात तशीच हाक मारत. शाळेत घालताना मास्तरांनीही तेच लिहून टाकलं. पुढे धम्म घेतला, घरातले देव गेले, दाखल्यावरचा ‘या’ तेवढा राहिला. नोकरी लागली त्या दिवसापासून आबा ‘जी. बी.’ अशीच सही करू लागले. मला एकदा म्हणाले होते, “नावाला शेपूट लावता येतं गं. जी. बी.ला लावून दाखव म्हणावं.”

मी संपादकांना म्हणाले, “सर, हे मी जुळवणार नाही. शीर्षक जी. बी. गुरुजी असंच पाहिजे, ‘ज’ या अक्षराखाली. आणि कंस नको.”

“ग्रंथ मराठी आहे, बाई. एकाला सूट दिली की सगळे मागतील. नाहीतर नोंद गाळावी लागेल.”

घरी, पिंपरी पेंढारला, आबांना सांगितलं. ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. हात न थांबवता म्हणाले, “गाळू दे. पुस्तकाबिगर माझं काय आडलं न्हाई. पन त्यो ‘या’ छापू नको.”

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हणाले, “गाळा.”

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका नोंदीसाठी ते आण्याला गेले. तिथे चहाच्या टपरीवर त्यांनी आबांचं आडनाव घेऊन चौकशी केली. टपरीवाला म्हणाला, “असं कोन न्हाई इथं, पावणं.” मग सरांनी ‘जी. बी.’ म्हटल्याबरोबर तिघं-चौघं उठून उभे राहिले. हे त्यांनीच मला येऊन सांगितलं, आणि भिंतीवरच्या कागदावर लाल पेनाने लिहिलं, ‘लोकांत रूढ असेल तेच नाव.’ आबांचा कंसही खोडला.

मग मी आधीचे गठ्ठे काढले. तसे ‘या’ लावलेले आणखी सहा कंस सापडले. सगळे मीच जुळवलेले, काही न वाटता. सर म्हणाले, “ती पानं छापून झाली. आता काही होणार नाही.”

पुस्तक बांधून आलं तेव्हा प्रती मोजून गठ्ठे बांधायचं काम माझ्याकडे होतं. जेवढ्या प्रती माझ्या हातांखालून गेल्या, तेवढ्यांत मी ते सहाही कंस काळ्या पेनाने खोडले. सर दारात येऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढची प्रत ओढली.