दगाभाऊंच्या वाट्याच्या कॅलरी

दगाभाऊ पाटील एकोणिसाव्या वर्षी अमळनेरकडच्या गावातून सुरतेला आले आणि बमरोलीतल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात लागले. आता ते सत्तेचाळीस वर्षांचे आहेत. सकाळी सात ते संध्याकाळी सात, आठ मशिनी. तुटलेला धागा जोडायचा, पुढच्या मशिनीकडे जायचं, परत यायचं. पस्तिशीपर्यंत अंगावर मांस नव्हतं. नंतर पोट सुटलं. आठवड्यातून चार वेळा भजी, चहात बुडवलेली बिस्किटं, आणि घरी आल्यावर थकल्या पोटाला लागेल तेवढं जेवण. कोणी लक्ष दिलं नाही, त्यांनीही नाही.

मागच्या वर्षी बेंबीच्या वर लिंबाएवढा फुगवटा आला. सरकारी दवाखान्यातल्या सर्जनने हाताने दाबून पाहिलं आणि हर्निया म्हणून सांगितलं. "ऑपरेशन करू, पण वजन चौऱ्याण्णव आहे. एवढ्या वजनावर टाके परत उसवतात. पंच्याऐंशीच्या आत या, मग बोलू."

सुरतेतच गोडादऱ्यातल्या घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा बायको मालतीबाई काळजीत पडल्या. मुलगी धनश्री मात्र उत्साहात होती. ती साड्यांच्या ऑनलाइन विक्रीचं काम करते, मोबाइल तिच्या हाताचाच भाग. तिने पावलं आणि कॅलरी मोजणारं स्वतःचं घड्याळ वडिलांच्या मनगटावर बांधलं आणि आपल्या फोनमध्ये ॲप टाकलं.

"पप्पा, दिवसाला सतराशे कॅलरी खायच्या. आणि घड्याळ जेवढ्या जाळल्या म्हणेल, तेवढ्या वरून खायला मिळतात. ॲप आपोआप मिळवतं."

पहिल्याच दिवशी घड्याळाने नऊशे दाखवल्या. दगाभाऊंना बरं वाटलं. इतकी वर्षं अंग मोडून काम केलं, त्याची नोंद कुठेतरी होतेय असं वाटलं. दिवसभर ते भूक दाबून धरायचे आणि घरी येऊन विचारायचे, "धना, आज किती राहिल्या?" ती आकडा सांगायची, मालतीबाई तेवढी खिचडी वाढायच्या, वरून तेल. त्यात पहाटे उठून बागेला चार फेऱ्या मारायचे, त्याचेही आकडे मिळायचे. पाय दुखायचे, पण आकडा पाहिला की ते म्हणायचे, चला, आजचं झालं.

पाच आठवड्यांनी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर ते उभे राहिले. चौऱ्याण्णव आणि वर सहाशे ग्रॅम. त्यांनी चपला काढून पुन्हा पाहिलं, खिशातला फोन दुकानदाराच्या हातात देऊन पुन्हा पाहिलं. मागे एक बाई वाट बघत उभी होती, म्हणून उतरले.

त्या दिवसापासून त्यांनी आकडा विचारणं सोडलं. संध्याकाळी पण चालायला लागले आणि ताटात एक भाकरी, जरा डाळ, बास. मालतीबाई दुसरी भाकरी पुढे करायच्या तर हात आडवा.

"एवढंसं खाईसन बारा तास कसं उभा ऱ्हाशात?" त्या विचारायच्या.

"माले भूक नई."

भूक होती. रात्री पडल्यावर पोटात कळ यायची आणि झोप लागायची नाही. पण दोन आठवड्यांत तीन किलो उतरले, तेव्हा त्यांना वाटलं, हाच रस्ता. स्वतःवर राग काढल्याचंही एक समाधान असतं.

तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी दुपारी, चौथ्या मशिनीवर धागा जोडताना त्यांना धागाच दिसेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. आधाराला काहीतरी धरावं म्हणून त्यांनी हात पुढे केला, तो चालत्या मशिनीकडे. शेजारच्या रांगेतल्या हेमराजने मागून शर्ट धरून खेचलं. दोघंही खाली पडले. दगाभाऊंचं कपाळ फरशीवर आपटून फुटलं.

हेमराज त्यांना बाहेर घेऊन आला, पाणी पाजलं, केळं खायला लावलं. तो चिडला होता. "भाऊ, हात गेला असता. पोटाच्या आजारापायी हात घालवायचा का?"

कपाळाला तीन टाके पडले. दवाखान्यातून त्यांना आहार सांगणाऱ्या दिपालीताईंकडे पाठवलं. त्या नंदुरबारकडच्या, वयाने धनश्रीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी आधी काही शिकवलं नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करता, काय खाता, एवढंच विचारत राहिल्या. दगाभाऊ सांगत गेले. सांगता सांगता दोनदा जांभई आली, त्याची त्यांना लाज वाटली.

"घड्याळ कारखान्यातपण घालता का?" दिपालीताईंनी विचारलं.

"हो. तिथंच तर जास्त जळतात."

"मशिनीवर हात ठेवून उभं राहिलं तरी हादऱ्याने हात हलतोच ना? घड्याळ त्यालाही पावलं समजत असेल. उद्या बघा. आणि भाऊ, तुमचं काम रोजचंच आहे. रोजच्या जेवणाचा आकडा काढताना ते धरायचंच असतं. ते पुन्हा वेगळं मोजून खाल्लं तर दोनदा खाल्लं."

"मग चालण्याचं? तेपण खायचं नाही?"

दिपालीताईंनी कागदावर कामासकट आकडा लिहिला. दोन हजार. "चालून आलात आणि भूक लागली, तर थोडं खा. घड्याळ तीनशे म्हणालं तर दीडशेच धरा. भूक नसेल तर तेही नको. पण चक्कर येईपर्यंत उपाशी राहू नका. आठवड्यातून एकदाच वजन करा. महिनाभर उतरलं नाही तर आपण आकडा कमी करू. घड्याळ ठरवणार नाही, काटा ठरवेल."

दुसऱ्या दिवशी दगाभाऊ मशिनीच्या चौकटीवर हात टेकून पाच मिनिटं जागचे हलले नाहीत. घड्याळात तीनशे बारा पावलं वाढली. ते हसले नाहीत. घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि संध्याकाळी धनश्रीला परत दिलं.

तिचे डोळे भरून आले. "पप्पा, माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे कसं? तू चांगल्यासाठीच दिलंस," ते म्हणाले आणि जेवायला बसले.

पुढचं सगळं हळू झालं. दोन वेळचं चालणं बंद, फक्त पहाटेचं. चालून आल्यावर मूठभर भाजलेले चणे किंवा अर्धी भाकरी आणि दही. भजी महिन्यातून एकदा. कधी आठवड्याला अर्धा किलो उतरायचं, कधी काहीच नाही. दिवाळीत एक किलो परत चढलं. कंटाळून दोनदा त्यांनी मालतीबाईंना सांगितलं की आता पुरे, फुगवटा राहू दे तसाच. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठले, कारण उठायची सवय झाली होती.

नऊ महिन्यांनी काट्यावर चौऱ्याऐंशी आलं. सर्जनने तारीख दिली.

ऑपरेशन नीट झालं. वॉर्डमध्ये आणल्यावर दगाभाऊंनी डोळे उघडले, मालतीबाईंना पाहिलं आणि पुन्हा मिटले. दुपार गेली, संध्याकाळ गेली. धनश्रीने घाबरून नर्सला विचारलं. नर्सने नाडी पाहिली, ब्लडप्रेशर पाहिलं. "काही नाही," ती म्हणाली, "झोपलेत."

मालतीबाईंनी त्यांच्या पायांवर चादर ओढली आणि स्टूल भिंतीकडे सरकवून त्याही टेकल्या.