एकट्याच्या नावाचा विमा

म्हशी समोर पिळून पेल्यानं दूध विकतात त्या दूधकट्ट्यावर ताज्या धारेचा वास आला की मला निवृत्तीचं पहिलं वर्ष आठवतं. पेन्शनीत दोघांचा आरोग्यविमा बसेना आणि माझा संध्याकाळचा दुधाचा पेला सुटेना. "मला काय धाड भरलीया? तुमचाच उतरवा की," बायको म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदाच मी तिचं लगेच ऐकलं. चार महिन्यांनी कळ आली ती तिच्या छातीत. दवाखान्यात गडबडीनं मी माझंच कार्ड पुढं केलं. "काका, ह्यावर तुमचं एकट्याचंच नाव हाय," काउंटरवरची पोरगी म्हणाली. चाकाच्या खुर्चीतून बायको म्हणाली, "मग ह्यास्नीच घ्या आत, मी बसते बाहेर." सगळे हसले, मीही हसलो. पैशांची जुळवाजुळव केली, पण तिसऱ्या दिवशी ती गेली. हप्ता मी आजही न चुकता भरतो, आणि मला मेल्याला साधं पडसंसुद्धा होत नाही.