गोलची माझी बाजू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि बायकोला मी सहसा सगळं सांगतो, न विचारता सांगतो, ती कंटाळून स्वयंपाकघरात निघून जाईपर्यंत सांगतो. हे एवढंच राहिलं. राहिलं म्हणजे काय, मी ठेवलं. तुम्हाला सांगतानाही मी मध्ये मध्ये अडखळणार आहे, फाटे फोडणार आहे. ती माझी जुनी सवय.

मी सिंगापूरमध्ये आइस हॉकी खेळतो. हसलात ना? हसा. बारा महिने घाम गाळणाऱ्या या शहरात, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर बर्फाचं एक लहानसं मैदान आहे. मुलीला तिथे स्केटिंगच्या क्लासला सोडायला जायचो. ती महिन्याभरात "बाबा, सो कोल्ड लाह" असं इथल्या लोकांच्या इंग्रजीत म्हणून मोकळी झाली. मी मात्र तिथेच राहिलो. पुण्यात फ्रीजपलीकडे बर्फ न पाहिलेला माणूस, चाळिशी जवळ आलेली, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत नोकरी. काम काय, तर कुठे काय बुडू शकतं याचा अंदाज बांधायचा. अंगानं आडवा असल्यामुळे मला बचावफळीत टाकलं. पुढे काही वर्षांनी कॅप्टनही केलं, कारण बाकीचे सगळे निघून गेले होते.

निघून जातात हो इथे माणसं. कुणाची बदली होते, कुणाचा नोकरीचा पास संपतो, कुणी मुलांच्या शाळेसाठी मायदेशी परततो. त्यामुळे आमची टीम कायम नव्याने बांधायला काढलेली. दर हंगामाच्या सुरुवातीला तेच प्रश्न: गोलमध्ये कोण? त्याच्या पुढे कोण?

यंदाही तेच झालंय. बचावातले दोघे गेले, गोलकीपर मेलबर्नला गेला. टीमची सगळी व्यवस्था वेई मिंग बघतो — खेळाडू जमवणं, बर्फाचं बुकिंग, भांडणं मिटवणं. त्यानं मला सांगितलं, "कॅप्टन, यू टेल द न्यू पीपल लाह. गोली हाऊ, डिफेन्स हाऊ." म्हणजे यंदा गोल आणि बचाव यांचं कसं काय दिसतंय, ते मी नव्या लोकांना समजावून सांगायचं. मी विचार करायला बसलो. नवी गोलकीपर दातांची डॉक्टर आहे, पायानं चपळ, पण पुढे गर्दी झाली की गडबडते. बचावात दोन नवे तरुण आहेत. वेगवान आहेत, थांबणं त्यांना माहीत नाही. अजून वर्षभर आम्ही मार खाणार, हे उघड आहे. पण त्यापेक्षा एक गोष्ट मला सांगायची होती — गोलकीपर चांगला की वाईट हे एकट्या त्याच्याकडे बघून कधीच ठरवू नका. तो काय करतो यातलं निम्मं त्याच्या पुढे उभ्या असलेल्या माणसावर असतं. पुढचा माणूस खोटा निघाला तर मागचा कितीही चांगला असून उपयोग नाही.

हे मला इतकं नीट कसं माहीत? तिथेच तर यायचंय.

मंदार नाशिकचा. तुआसला एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होता, चोआ चू कांगला एका फ्लॅटमधली खोली भाड्यानं घेऊन राहायचा. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. दुसऱ्या दिवशी मंडळाचं टेनिस बॉलचं क्रिकेट होतं, त्यात तो यष्टिरक्षण करत होता. काय हात होते! बॅटची कड लागून कुठेही गेलेला चेंडू त्याच्या हातात आपणहून येऊन बसायचा. आमचा गोलकीपर तेव्हा नुकताच फिनलंडला परतला होता. मी मंदारला म्हटलं, चल, तुला बर्फावर उभा करतो.

पहिले दोन महिने तो नुसता पडला. उठायचा, हसायचा, परत पडायचा. नंतर त्याला पाय सापडले — आणि हात तर होतेच. वर्षभरात असा गोलकीपर झाला की दुसऱ्या टीमचे लोक त्याला फोडायला बघायचे. तो नाही म्हणायचा. "दादांनी आणलंय मला," म्हणायचा. मी त्याचा दादा. रविवारी खेळून झालं की तो आमच्याकडे जेवायला असायचा. त्याच्या आईनं नाशिकहून लोकरीची कानटोपी विणून पाठवली होती, मुलगा बर्फात खेळतो म्हणून. ती घालूनच तो ड्रेसिंग रूममध्ये शिरायचा आणि कुणी चिडवलं तर जास्तच खाली ओढून घ्यायचा. या शहरात त्याचं दुसरं कुणी नव्हतं. यार्ड, खोली आणि ही टीम, एवढंच.

आमच्या दोघांची एक पद्धत होती. समोरून जोराचा फटका येणार असं दिसलं की मी गुडघ्यावर बसून गोलची एक बाजू अंगानं बंद करायची आणि ओरडायचं — "माझा!" क्रिकेटमध्ये उंच झेल घेताना ओरडतो ना, तसंच. त्याचा अर्थ, ही बाजू माझी, इकडे बघूसुद्धा नकोस, तू दुसरी सांभाळ. मंदार तत्क्षणी दुसऱ्या खांबाकडे सरकायचा. मराठीत ओरडायचो, म्हणजे समोरच्यांना कळायचं नाही. आमच्याच लोकांनाही कळायचं नाही. वेई मिंगला कित्येक महिने ती शिवी वाटत होती.

विचार करा, त्यात केवढा विश्वास होता. गोलकीपरनं अर्ध्या गोलकडे पाठ फिरवायची — दुसऱ्याच्या एका शब्दावर.

त्या रविवारी सकाळी उपांत्य सामना होता. बरोबरी होती, थोडाच वेळ उरला होता. समोरच्या टीममध्ये एक उंच कॅनेडियन होता. त्याचा फटका सगळ्यांना माहीत होता. हॉकीचा पक म्हणजे गोठवलेल्या रबराची चकती. जोरात आली की पॅडमधूनही हाड ओळखते. गोलपुढे सगळ्यांची गर्दी झालेली, मंदारला समोरचं काही दिसत नव्हतं. कॅनेडियननं काठी उचलली. मी ओरडलो, "माझा!" मंदार दुसऱ्या खांबाकडे सरकला.

आणि मी पाय काढून घेतला.

गुडघा टेकायच्या ऐवजी मी बाजूला झालो. फार नाही, थोडासाच. पक माझी नडगी जिथे असायला हवी होती तिथून सरळ आत गेला आणि जाळीला आपटून गोलच्या मधोमध येऊन पडला. मंदार दुसऱ्या बाजूला, मी सांगितलेल्या जागी, हात पसरून उभा. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल? अर्धा गोल उघडा टाकून एक गोलकीपर भलतीकडे बघत उभा आहे. आम्ही हरलो.

तुम्हाला वाटेल, हेच सांगायचं होतं. नाही. भीती वाटली, एवढंच असतं तर मी कधीच सांगून टाकलं असतं. ड्रेसिंग रूममध्ये "घाबरलो यार" म्हटलं असतं, सगळ्यांनी आठवडाभर टर उडवली असती, संपलं असतं. आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी फटक्यापुढून पळालेला आहे. पण मी काही बोललो नाही. आणि आमच्यासारख्यांचे सामने कोण चित्रित करणार? गर्दीत सगळ्यांचे डोळे कॅनेडियनच्या काठीवर, माझ्या पायाकडे पाहिलेलं कुणी नव्हतं. जो अगदी मागे होता, तो माझ्याच सांगण्यावरून दुसरीकडे बघत होता.

सामन्यानंतर सगळे हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात गेलो. मंदार माझ्याशेजारी येऊन बसला. समोरचा चहा त्यानं तसाच ठेवला. मग हळूच, मराठीत म्हणाला, "दादा, एक विचारू? तुम्ही जागेवर होतात ना?"

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. त्या क्षणी नुसतं 'नाही रे' म्हणायचं होतं मला. दोन शब्द. तेही मराठीत — टेबलावर दुसऱ्या कुणाला कळलेही नसते.

मी म्हणालो, "होतो ना. हललोच नाही."

"म्हणजे माझ्या बाजूनं गेला."

"तसंच दिसतंय."

"पण मी तिकडेच बघत होतो हो, दादा."

"बघत असशील," मी म्हणालो, "पण दिसला नाही तुला. होतं असं." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मायेचा काढला. तो आवाज मला अजून ऐकू येतो आणि माझी मलाच किळस येते. हाच तो गुन्हा. पाय काढला तो नव्हे. ज्याचे डोळे हीच त्याची सगळी पुंजी, त्याला मी समजुतीनं, प्रेमानं सांगितलं की तुझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस.

का सांगितलं? कारणं पुष्कळ आहेत. माझ्या धंद्यात कारणांना कधी तोटा नसतो. ती मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवली आहेत की तुम्हाला ऐकवायची लाज वाटते. तेव्हा ती राहू देत.

दोन-तीन दिवसांनी मी ऑफिसात असताना त्याचा फोन आला. यार्डातून सुट्टी काढून तो डोळे तपासून आला होता. "डोळे एकदम चांगले आहेत म्हणाले, दादा. म्हणजे लक्षच नसेल माझं." मी काय म्हणालो असेन? "चल, डोळे तरी चांगले आहेत, बरं झालं," असं म्हणालो. खरंच म्हणालो. फोन ठेवला आणि मीटिंगला गेलो.

पुढच्या रविवारी हंगाम संपल्यावरची बैठक होती. पुन्हा नव्याने बांधणी, पुन्हा तेच प्रश्न. वेई मिंगनं विचारलं, "डिफेन्स हाऊ, कॅप्टन?" मी म्हटलं, बचाव ठीक आहे, बचावाला धक्का लावायची गरज नाही. "देन गोली?" मी जमिनीकडे बघत राहिलो. मी तोंड उघडायच्या आत मंदार उठून उभा राहिला. त्याचं इंग्रजी बेताचं. म्हणाला, "सॉरी, एव्हरीबडी. कॅप्टन वॉज देअर. माय साइड. माय मिस्टेक." सगळे उठले, एकेकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. मीही मारली.

तो परत गोलमध्ये उभा राहिला नाही. सरावाला दोनदा आला, कडेला बसून बघून गेला. आमच्याकडे जेवायला यायचंही हळूहळू थांबलं. बायको विचारायची, मंदार का येत नाही रे? मी म्हणायचो, कामात असेल. पुढे पासची मुदत संपली, तेव्हा नवी नोकरी न शोधता तो नाशिकला परत गेला. जायच्या आदल्या दिवशी पाया पडायला आला होता. दिवाळीला त्याचा मेसेज येतो. मीही पाठवतो. क्रिकेट खेळतोस का, असं एकदाच विचारलं होतं. "नाही दादा, आता नको वाटतं," असं उत्तर आलं.

आता हे मी मराठीत लिहितो आहे, म्हणजे आमच्या टीममधल्या कुणालाही वाचता येणार नाही. हेही माझ्या लक्षात आलेलं आहे. आणि मंदारला वाचता येईल, पण त्याला मी पाठवलेलं नाही.

नव्या लोकांना जे सांगायचं ठरवलं होतं, ते मागच्या रविवारी मी सांगितलंच नाही. पाय कसे ठेवायचे, काठी कुठे धरायची, एवढं बोलून खाली बसलो. मग वेई मिंग उठला. त्याची एक गोष्ट आहे, दर हंगामात नव्या लोकांना सांगायची. आमच्या टीममध्ये पूर्वी एक गोलकीपर होता, मंदार नावाचा. सामना त्याच्यामुळे हरलो, पण त्यानं कुणाकडे बोट दाखवलं नाही, सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःची चूक कबूल केली. या टीमला असा माणूस हवा. दातांची डॉक्टर मन लावून ऐकत होती, ते दोन तरुणही. वेई मिंग माझ्याकडे वळला. "कॅप्टन वॉज देअर. ट्रू ऑर नॉट?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"ट्रू," मी म्हणालो.