साहेबांचं इंग्रजी मी सुधारलं

साहेबांनी सांगितलेलं पत्र मी परस्पर सुधारून लंडनला धाडलं, हा माझ्या नोकरीतला सर्वांत मोठा गाढवपणा. तेव्हा मात्र मला तो कंपनीवर केलेला उपकार वाटला होता.

खडकीजवळच्या एका लोखंड ओतण्याच्या कारखान्यात मी स्टेनो होते. म्हणजे साहेब बोलणार, मी शॉर्टहँडच्या खुणांत उतरवून घेणार आणि मग टाइप करणार. स्वतःची अक्कल घालायची नाही, एवढीच अट. पण मी सदाशिव पेठेतली, त्यात कॉलेजात इंग्रजीत पहिली आलेली. अक्कल आवरणार कशी?

इनामदार साहेब आमचे सेल्स मॅनेजर. बर्मिंगहॅमला काही वर्षं काम करून आलेले. त्यांचं इंग्रजी सगळं 'पुट', 'गेट', 'टेक' असल्या बारक्या क्रियापदांचं, मागे 'अप', 'ऑफ', 'आउट'ची शेपटी. शेपटी बदलली की अर्थ पालटतो. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणं, 'पुट आउट' म्हणजे विझवणं. आमच्या कॉलेजात असल्या इंग्रजीला टपरीवरचं समजत.

त्या वर्षी आमच्या मालाला चिरा निघाल्या. लंडनचं गिऱ्हाईक ऑर्डर काढून घेण्याच्या बेतात होतं. ती गेली असती तर रात्रपाळी बंद आणि तिथली माणसं घरी. साहेबांनी सांगितलं, "वी स्लिप्ट अप. बेअर विथ अस, वी विल सॉर्ट इट आउट." म्हणजे, चुकलो, जरा सांभाळून घ्या, आम्ही निस्तरतो. मी टाइप केलं, "अ‍ॅन एरर हॅज ऑकर्ड. यू आर रिक्वेस्टेड टु टॉलरेट द सेम." म्हणजे, चूक घडलेली आहे, ती सहन करण्याची आपणांस विनंती. साहेबांनी माझ्या भरवशावर न वाचता सही ठोकली.

उत्तर तारेनं आलं. तुम्ही प्रकरण वकिलाकडे दिलेलं दिसतं, आता आमचाही वकील बोलेल.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. पत्राची कॉपी टेबलावर होती.

"ही कोर्टाची नोटीस कोणी लिहिली?"

मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "सही माझी आहे."

आणि त्यांनी टेबलावरचा फोन ओढून लंडनचा नंबर मागितला.

लंडनचा ट्रंक कॉल लागेपर्यंत दुपार गेली. फोनवर पुन्हा तीच शेपटीवाली क्रियापदं, वर दोस्ताला म्हणतात त्या 'मेट'ची आणि 'ब्लडी'ची फोडणी. थोड्या वेळानं साहेब हसले, तेव्हा माझा जीव खाली पडला. ऑर्डर निम्मी झाली, पण राहिली. रात्रपाळीही टिकली.

आज नात फोनवर इंग्रजीत जे काही बरळते, ते मला कळतं. ती चकित होते. पुढे निवृत्त होईपर्यंत साहेबांनी मला ते इंग्रजी कानानं शिकवलं, हे तिला कुठे ठाऊक?

पण त्या संध्याकाळी मी राजीनामा टाइप करून नेला होता. अर्थात भारदस्त इंग्रजीत. साहेबांनी या वेळी शब्दन् शब्द वाचला आणि कागद मला परत दिला.

"जोशीबाई, इंग्रजी तुमचं माझ्यापेक्षा शुद्ध आहे. पण माफी मी मागत होतो, ती माझ्याच तोंडची जायला हवी होती. हे घरी न्या. आणि आता बसा, लंडनला पत्र लिहायचंय."