आवाजाला आधी वाट
नेटवर्कच्या तारा जोडणारा स्विच तापला की प्लास्टिकचा जो वास येतो, त्यानं मला तिरोड्याजवळचा एक छोटा दवाखाना आठवतो. कॅमेरे, फायली, नागपूरच्या डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल, सगळं तिथं एकाच स्विचमधून जायचं आणि ते नेटवर्क सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. त्या दुपारी धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, साप चावलेली बाई खाटेवर होती. डॉक्टर विषावरच्या औषधाच्या किती कुप्या द्यायच्या ते सांगत होते आणि आवाज तुटत होता. “दहा म्हणून राहिले का वीस, समजूनच नाही राहिलं,” नर्सबाई म्हणाल्या. कॉलला सगळ्यांच्या आधी वाट मिळावी म्हणून मी घाईघाईनं लॅपटॉपवरून स्विचवर नियम टाकला. पण त्यातला क्रम ठरवणारा आकडा चुकला, कॉल सगळ्यांच्या मागे गेला आणि पडदा काळा झाला. “काऊन बंद झालं जी?” दारातून त्या बाईच्या नवऱ्यानं विचारलं. तो नियम काढून, एकेक अक्षर वाचत मी नवा टाकला. डॉक्टरांचा स्वच्छ आवाज आला, “दहा. लगेच द्या.” बाई वाचली. नवऱ्यानं माझे हात धरले, “तुमच्यामुळंच वाचली जी.” मी नुसती मान हलवली. कॉल माझ्याच हातानं बंद पडला होता, हे त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि आजवर मी ते कुणालाच सांगितलेलं नाही.