जुन्या लोकरीचा नमुना

मसाजीनं आपलं घोंगडं ओळखलं तेव्हा ते जळत होतं.

सगळं नव्हे. तळहाताएवढा एक चौकोन लोखंडी चिमट्यात उभा धरलेला, खाली गॅसचा निळा जाळ, आणि समोर चष्मा लावलेल्या एक बाई हातातल्या घड्याळाकडे एकटक बघत उभ्या. काळी घोंगडी सगळी सारखीच दिसतात असं मेंढ्या न पाळणाऱ्यांना वाटतं. पण या चौकोनाच्या एका कडेला लाल सुताचा काठ होता आणि तो मध्येच पिवळा झाला होता, कारण मसाजीच्या आईचं लाल सूत त्या ठिकाणी संपलं होतं. लाल सूत नेमकं तिथं संपलेलं घोंगडं जगात एकच होतं.

"विझलं!" बाई आनंदानं म्हणाल्या. "जाळ बाजूला केला की आपोआप विझतंय, अंगद. पन्नास वर्षांनंतरसुद्धा! लिही, लिही."

अंगदनं लिहिलं नाही. दारात उभा असलेला चुलता त्याला दिसला होता.

वारंगा फाट्यावरच्या या पत्र्याच्या गोदामात पूर्वी खताची पोती असत. मग एका तंत्र विद्यापीठानं ते भाड्यानं घेतलं आणि दारावर 'उष्णतारोधक साहित्य संशोधन प्रकल्प' असा फलक लावला. जिल्हा नुकताच परभणीतून वेगळा निघाला होता. नव्या जिल्ह्यात कशालाही फलक लागला तरी कुणी नवल करत नसे. फाट्यावर चहाला थांबणाऱ्या ट्रकवाल्यांची समजूत होती की आत सरकार काहीतरी लपवून राहिलं आहे. सरकारला बहुधा पत्ताही नव्हता.

आत चाललं होतं ते अगदीच साधं. देशी मेंढीची लोकर जाडीभरडी, तिला गिऱ्हाईक नाही. तिच्या पाट्या दाबून पत्र्याच्या घरांना आतून लावल्या तर उन्हाळ्यात घर थंड राहील काय, हा अंजली मॅडमचा प्रश्न. पत्र्याखाली एक मे महिना काढलेल्या कुणालाही तो फालतू वाटला नसता. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारा अंगद हा मसाजीच्या भावाचा मुलगा, सेनगावकडच्या त्यांच्या वस्तीवरचा पहिला इंजिनियर. नव्या लोकरीचं उत्तर चांगलं आलं होतं. पण ती किती वर्षं टिकेल? मॅडम एका यंत्रात लोकर तापवून भिजवून तिला कृत्रिमरीत्या म्हातारी करायच्या खटपटीत होत्या. अंगद म्हणाला, कशाला मॅडम, आमच्या घरात खरीखुरी म्हातारी लोकर आहे.

आणि श्रावणात तो वस्तीवर आला, म्हणाला, "काका, आजीचं घोंगडं पाहिजे व्हतं."

मसाजीनं ट्रंक उघडली आणि दिलं. वस्तीवर घोंगडं मागणाऱ्याला कारण विचारत नसत. मागणारा गारठलेला असतो, नाहीतर त्याच्या घरी कुणी बाळंतीण असते, नाहीतर कुणी शेवटचे श्वास घेत असतं. तिन्ही वेळी 'काहून?' असं विचारणारा माणूस मेंढराच्या लायकीचाही नाही, असा हिशोब होता. मागणाऱ्यानंही कारण सांगायचं नाही; काम झालं की आणून द्यायचं. अंगदनं रीत बराबर पाळली. मसाजीनंही पाळली. पन्नास वर्षांत या रीतीनं कुणाचं वाईट झालं नव्हतं, पण पन्नास वर्षांत कुणी घोंगडं तंत्र विद्यापीठासाठी मागितलंही नव्हतं.

हे घोंगडं साधं नव्हतं. मसाजीच्या आईची दोन लेकरं पाठोपाठ गेली. तिसऱ्या वेळी पोटुशी असताना तिनं स्वतः लोकर कातली, घोंगडं विणून आणलं, आणि पाचवीच्या पूजेला नवं लेकरू त्यावर निजवलं. ते जगलं, ते म्हणजे मसाजी. तेव्हापासून घरातलं प्रत्येक लेकरू पाचवीला त्याच घोंगड्यावर निजलं आणि एकही दगावलं नाही. दगावलं ते फक्त मसाजीच्या लेकीचं, मोहिनीचं, पहिलं. ते सासरी झालं होतं आणि पाचवीपर्यंत पोचलंच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या बाळंतपणाला मसाजीच्या बायकोनं, चंद्रभागाबाईनं, लेकीला माहेरी आणलं. पोरगी झाली. दवाखान्यातून घरी आल्या आल्या चंद्रभागाबाईनं ट्रंक उघडली.

"घोंगडं कुठंय?"

"अंगदनं नेलं."

"काहून?"

"इचारलं न्हाई."

"मग आता इचारा जाऊन," ती म्हणाली. "परवा पाचवी हाय."

आता तो विचारायला आला होता आणि विचारायला काही उरलं नव्हतं.

"काका, बसा ना," अंगद म्हणाला.

"बाकीचं कुठंय?"

मॅडमना काहीच ठाऊक नव्हतं. नमुना देणारे गृहस्थ आले आहेत एवढंच त्यांना कळलं, आणि त्यांनी मोठ्या हौसेनं सगळं दाखवलं. हा तुकडा पाण्यात भिजतोय. हा दिव्यापुढं तापतोय. हे चार जळून राख झाले. हे नऊ अजून कोरे आहेत. प्रत्येक चौकोनावर पांढऱ्या रंगानं आकडा घातला होता. अखेरीस त्या एका लोखंडी दाबयंत्रापाशी थांबल्या. त्याच्या जबड्यात घोंगड्याच्या मधोमधचा मोठा तुकडा होता.

"हा दसऱ्यापासून दाबाखाली आहे. अप्रतिम लोकर आहे हो, मामा. तुमच्या आईंनी कातलीय म्हणे?"

"व्हय," मसाजी म्हणाला. "माझ्यासाठी."

मग त्यानं सांगितलं. फार नाही, चारच वाक्यं. मॅडमनी चष्मा काढला.

"अंगद, तू मला हे सांगितलं नाहीस."

"आमच्यात सांगायची रीत न्हाई, मॅडम." एरवी अंगद विद्यापीठात अशी भाषा बोलत नसे.

मॅडमनी स्वतःच्या हातानं कोरे आणि भिजलेले, तापलेले सगळे तुकडे पिशवीत भरले. दाबयंत्रापाशी मात्र त्यांचा हात अडला. "हा नाही हो काढता येणार. आता उचलला तर सगळी चाचणी वाया जाईल. अंगदच्या प्रबंधाचा अर्धा भाग याच्यावर आहे."

मसाजीनं मान हलवली. कळलं म्हणून नव्हे. त्यानं पिशवी उचलली आणि बाहेर पडला. हिंगोलीपर्यंत जीपमध्ये आणि पुढं एसटीत तो पिशवी मांडीवर घेऊन बसला. शेजारच्यानं विचारलं, "काय घेऊन राहिले, पाव्हणं?" त्यानं पिशवीचं तोंड आवळून धरलं.

घरी त्यानं पिशवी जमिनीवर पालथी केली. खाटेवरून मोहिनी वाकून बघत राहिली.

"आई, हे काय गं?"

चंद्रभागाबाईनं एक तुकडा उचलला, हुंगला, खाली ठेवला. मसाजीला वाटलं, आता ही ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दाभण आना."

तिनं तुकडे जमिनीवर मांडले. काठाला काठ जुळत गेला. कडेला जळालेल्यांच्या खाचा राहिल्या, आणि मध्ये, जिथं लेकराची पाठ टेकायची, तिथं भलं मोठं भोक. ते तसंच ठेवून तिनं भोवतीचं शिवून काढलं.

पाचवीच्या दिवशी दुपारी अंगद आला. दारातच उभा राहिला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं होतं.

"काढलास?" मसाजीनं विचारलं.

"काढला."

"आन् मॅडम?"

"आधी लई बोलल्या. मग त्यांनीच चाक उलटं फिरवलं." त्यानं गुंडाळी पुढं केली. "साताठ महिनं मागं गेलो, काका." बस चुकली असं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

चंद्रभागाबाईनं कागद सोडला. आतला तुकडा पापडासारखा झाला होता.

"तू बी ह्याच्यावरच निजला व्हतास, अंगद्या."

"ठाव हाय, काकू."

"ठाव हाय म्हनं!" ती म्हणाली. "ठाव असून कात्री लावलीस. न्हाई माहीत असतं तर काय केलं असतंस रे?"

तिनं सुईत पुन्हा दोरा ओवला. अंगदनं खाली बसून घोंगड्याचं एक टोक ताणून धरलं, आणि ती शिवत गेली.

सांजच्याला पूजा मांडली आणि मोहिनीनं लेक त्या तुकड्यातुकड्यांच्या, पांढरे आकडे घातलेल्या घोंगड्यावर ठेवली. मसाजी पोरीच्या छातीकडं बघत राहिला. छाती वर होत होती, खाली होत होती. पाठीला खरखरीत लोकर लागली तशा पोरीनं मुठी आवळल्या, तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की वाड्यातली मेंढरं उठून उभी राहिली.

मसाजी दचकून मागं सरकला. मोहिनीनं उचलायला हात पुढं केले.

"राहू दे," चंद्रभागाबाईनं तिचे हात धरले. "पयल्या लेकरात एवढा दम नव्हता. रडू दे तिला."